सुभेदारणीचा सोडा

कुंडलला माहेरी गेलं की माझी नजर आधी स्वयंपाकघरातल्या फळीकडे जाते. या खेपेला बघायचं नाही असं ठरवून जाते आणि तरी बघतेच. फळीवर आता एकसारख्या निळ्या झाकणांचे प्लॅस्टिकचे डबे आहेत, वहिनीनं हौसेनं आणलेले. त्यांच्या मागं भिंतीला टेकून जाड बुडाचा एक काचेचा ग्लास उभा असतो. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पलटणीतून आणलेला. त्याची भावंडं कधीच फुटली, हा एकटा राहिला. वहिनी त्यात रबरं ठेवते, दुधाच्या बिलाच्या चिठ्ठ्या ठेवते. मी तो खाली काढते, नाकाशी धरते. रबराचा वास येतो. दुसरा कुठलाही येत नाही, आणि माझं डोकं फिरतं.

वहिनीला वाटतं मी तिच्या टापटिपीवर चिडले. "घेऊन जावा की तुमी त्यो गिलास," ती म्हणते. तिला काय सांगणार? मला ग्लास नको आहे. मला त्यातला आवाज पाहिजे.

त्या ग्लासात आई पोटाचा सोडा करायची. आण्णा पलटणीतून सुभेदार होऊन घरी आले, तेव्हापासून गाव आईला सुभेदारीण म्हणायला लागला आणि तिच्या हातच्या त्या फसफसणाऱ्या पाण्याला सुभेदारणीचा सोडा. आईला हे नाव ऐकून हसू यायचं. "पलटणीत ह्ये हुते, आनि सोडा माजा," ती म्हणायची, आणि आण्णा खाटेवरून म्हणायचे, "हुद्दा माझा, म्हणून खप तुझा."

सोड्याची तयारी सकाळी उन्हं अंगणात आली की सुरू व्हायची. तव्यावर ओवा तडतडायचा. त्याचा उग्र वास आधी डोळ्यांत शिरायचा, मग घशात. ओव्यावर जिरं, मग सुंठ. हिंगाचा खडा चुलीतल्या राखेत फुलवून घ्यायचा. सैंधवाचा गुलाबी दगड ती खलबत्त्यात कुटायची, आणि त्याचे बारीक तुकडे उडून जमिनीवर पडले की मी आणि विलास ते वेचून जिभेवर ठेवायचो. विलास माझा धाकटा भाऊ. त्याची जीभ दिवसभर बाहेरच असायची. सगळं कुटून, वस्त्रगाळ करून ती चिनीमातीच्या बरणीत भरायची आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधायची. खायचा सोडा मात्र वेगळा, कागदाच्या पुडीत. त्या दोघांची गाठ आधी पडू द्यायची नाही, असा तिचा दंडक.

आणि लिंबं जैनबभाभीची. जैनबभाभीचं घर आमच्या घराला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्या नवऱ्याचं पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. परसात कागदी लिंबाचं झाड, काटेरी, बुटकं, पण बारमाही लगडलेलं. आईनं हाक मारायची, "भाभी, गिऱ्हाईक आलंय गं!" आणि भिंतीवरून दोन लिंबं आत यायची, कधी हातात, कधी उडत. भाभीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या भिंतीवर किणकिणायच्या. मला वाटायचं, सोड्याचा आवाज तिथूनच सुरू होतो.

ग्लासात पाणी. त्यात बरणीतलं चूर्ण, मग लिंबू पिळायचं. लिंबू पिळताना आई बिया बोटांच्या फटीत अडवायची. आता पाणी गढूळ, गप्प. दुखणं घेऊन आलेला माणूस ओसरीवर बसलेला, तोही गप्प. मग आई पुडीतला सोडा चिमटीत घ्यायची, माणसाच्या अगदी समोर जायची आणि म्हणायची, "तोंड उगडा." चिमूट पडली की सूंऽऽऽ करून सगळा ग्लास उठायचा. तळातून बुडबुड्यांची रांग सुटायची, फेस काठावर यायचा, आईच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळायचा. "घ्या, घ्या, घ्या! बसायच्या आत घ्या!" ती ओरडायची. फेस बसला की औषध गेलं, असं तिचं म्हणणं. माणूस डोळे मिटून गटागटा प्यायचा आणि आम्ही सगळे, अगदी भिंतीपलीकडची भाभीसुद्धा, ढेकराची वाट बघायचो.

ढेकर आला की भाभी तिकडून म्हणायची, "अल्ला!"

जत्रेनंतरचे दोन दिवस ओसरी भरलेली असायची. शिरपाआप्पा तर दरवर्षीचा. पोटावर हात ठेवून यायचा, वाकलेला.

"वैनी, पोटात नगारा वाजतुया."

"काल कुनाच्यात जेवलासा?"

"जेवलो कुटं? नुसता वरणभात."

"आनि?"

"आनि जरा मटान."

"जरा म्हंजी?"

शिरपाआप्पा आण्णांकडे बघायचा. आण्णा पेपरामागं तोंड लपवायचे. "आवं वैनी," आप्पा शेवटी म्हणायचा, "द्या की आता. हिशेब वर गेल्यावर हुईल."

गुऱ्हाळं पेटली की आम्हा पोरांची पाळी. रस, गरम काकवी, वरून गुळाचा चिकट खडा, आणि संध्याकाळी पोट ढोलासारखं. शिवारातून येणाऱ्या त्या गोड, धुरकट वासावर ओव्याचा वास चढायचा, आणि आजही थंडीत कुठं रसाची काहील उकळत असली तर मला तिच्यामागून ओव्याचा वास यावा असं वाटतं. येत नाही. पावसाळ्यात तोडीचं काम नसायचं, पण अंगदुखीचं असायचं. उसाच्या लागणीची, तण भांगलायला गेलेली बाई कंबर धरून यायची. तिला आई प्यायचा सोडा द्यायची नाही. घमेल्यात कढत पाणी, खडेमीठ आणि सोडा टाकून पाय बुडवायला सांगायची, आणि दिवसभराची पिळलेली सालं त्यात टाकायची. सालींभोवती बारीक बुडबुडे धरायचे, पायांच्या बोटांमधून वर यायचे. बायका गुदगुल्या झाल्यागत हसायच्या. दुखणं कितपत जायचं देव जाणे, पण पाय बुडवून त्या बराच वेळ बोलत बसायच्या, आणि उठताना कंबर धरायचं विसरायच्या.

हे सगळं मी गोड करून सांगते आहे, हे मला कळतं. लोकही मला असंच सांगतात. कुंडलला गेले की कुणीतरी भेटतंच आणि म्हणतं, "तुज्या आईच्या हातचा सोडा, गड्या, काय चीज हुती! आता कुटं तसलं?" मी हसते. आतून मात्र त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटतं. कारण त्यांना सगळ्यांना ठाऊक आहे की आईनं सोडा का बंद केला, आणि त्यांतला एकही जण तेवढं वाक्य बोलत नाही.

मी दहावीत होते. रविवार होता, उसाला पाणी पाजायची आमची पाळी होती. आण्णा दुपारी शेतावरून लवकर आले. पायांचा चिखल न धुता ओसरीवर बसले, हे मला विचित्र वाटलं, कारण पलटणीतला माणूस, चिखलानं पायरी चढायचा नाही. छातीच्या खाली, जिथं बरगड्या जुळतात, तिथं त्यांनी मूठ दाबून धरली होती. सकाळची भाकरी वर येतीये म्हणाले. हात जड झालाय, फावडं जरा जास्त मारलं. कपाळावर घाम होता, पण ऊनही होतं.

आईनं हाक मारली. भिंतीवरून लिंबं आली. पुढचं सगळं रोजच्यासारखं झालं, अगदी रोजच्यासारखं. सूंऽऽ आवाज, फेस, "बसायच्या आत घ्या." ढेकर आला. भाभी तिकडून "अल्ला!" म्हणाली. आण्णा हसले, आत जाऊन खाटेवर पडले. आईनं चहा टाकला. चहा घेऊन ती आत गेली आणि कप फुटल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

त्यानंतरचं घर मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. कापूर, ओल्या पंच्याचा वास, पुढं बसलेली माणसं, त्यांच्या दबलेल्या आवाजात सारखं सारखं येणारं एक वाक्य. "सोडा घेतला हुता म्हनं." कुणी दोष म्हणून बोलत नव्हतं. उगाच, घडलेलं सांगावं तसं. पण ते वाक्य ओसरीवरून उठून चुलीपर्यंत जायचं आणि आईच्या पाठीवर आपटायचं. मी बघत होते.

सुतक सरल्यावर आईनं बरणी परसातल्या उकिरड्यावर रिकामी केली. पावसात तो ढिगारा ओला झाला की कितीतरी दिवस ओव्याचा वास येत राहिला. आणि तरी लोक येत राहिले. काही बाहेरगावचे, ज्यांना माहीत नव्हतं. काही गावचेच, ज्यांना माहीत होतं पण पोट दुखत होतं. आई दारात उभी राहून म्हणायची, "सोडा संपलाय."

"मंग कवा यिऊ?"

"संपलाय," ती परत म्हणायची.

वर्षानुवर्षं तो संपलेलाच राहिला. शिरपाआप्पा शेवटपर्यंत जत्रेनंतर यायचा, ओसरीवर बसायचा, आणि काहीही न मागता उठून जायचा.

मी लग्न होऊन उंब्रजला गेले. हायवेवरचं गाव, सगळं हाताशी. घराखालीच मेडिकल आहे, त्याच्या दारात पोटाच्या पावडरीच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. संत्र्याच्या वासाच्या, लिंबाच्या वासाच्या, जिऱ्याच्या. फोडून पाण्यात टाकली की फसफसतात. नवऱ्याला जड जेवण झालं की तो खाली जाऊन एक घेऊन येतो, आणि तो आवाज सुरू झाला की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, मग हाताकडे, मग कपाळाकडे.

"घाम आलाय का?"

"मे महिना आहे."

"हात दुखतोय?"

"ग्लास धरलाय म्हणून. तू धर."

त्याच्या या विनोदांना पूर्वी मी रडायचे, नंतर भांडायचे, आता नुसती उभी राहते. त्याला मी किती वेळा छातीची पट्टी, ईसीजी, काढायला घेऊन गेले आहे. दरवेळी काही निघालं नाही. दरवेळी येताना गाडीत तो शीळ घालतो.

गंमत अशी, गंमत कसली, वैतागच, की ज्या पाण्याची मला एवढी दहशत, तेच मला परत करून बघायचंही असतं. शाळेत शिकवून आले, घरात कुणी नसलं, की मी ओवा भाजते. सैंधव कुटते. मिक्सरला लावत नाही, खलबत्ता घेते. लिंबू पिळते, चिमूट टाकते. कधी सगळा फेस ओट्यावर सांडून ग्लासात पाणी उरतं. कधी दोन बुडबुडे येऊन विझतात. चव साबणासारखी लागते, नाहीतर नुसती खारट. लिंबं बाजारातली, फुगलेली, जाड सालीची, आंबटपणाला वास नसलेली. आईला विचारलं तर म्हणायची, "अंदाजानं टाकायचं." "अंदाज म्हणजे किती?" "अंदाजाला किती नसतं गं." आणि दुसऱ्या वेळी विचारलं तर सरळ, "इसरले मी." ती विसरलेली नव्हती. दूधवाल्यानं दोन वर्षांपूर्वी काय शब्द वापरला होता ते तिला आठवतं.

या उन्हाळ्यात विलासच्या मुलीचा, माझ्या भाचीचा साखरपुडा होता म्हणून चार दिवस कुंडलला राहिले. दुपारी घरात पाहुण्यांची झोप चालली होती, तेव्हा भिंतीपलीकडे जैनबभाभीकडे गेले. तिचे पाय आता चालत नाहीत. परसात फरशी बसवून मुलानं गाडी लावायला जागा केली आहे. लिंबाचं झाड होतं तिथं गाडीचं मागचं चाक येतं.

"भाभी, सोड्यात आई नक्की काय टाकायची, तुम्हाला तरी आठवतं का?"

"लिंबू माजं," ती म्हणाली. "बाकीचं तुज्या आईचं. मला कुटं ठावं?"

"एवढी वर्षं बघत होता की."

"बगत न्हवते बेटा, ऐकत हुते. भिंतीआडनं काय दिसतंय?" ती बोळक्या तोंडानं हसली. मग माझ्या हातातली बांगडी फिरवत राहिली. "आण्णा गेल्यावर तुजी आई माज्याशी बोलली. सनाला शीरखुर्मा खाल्ला, पुरनपोळी धाडली. समदं केलं. पन लिंबू कवा मागितलं न्हाई. कोशिंबिरीलाबी न्हाई. म्या भिंतीवर ठिवायची, ती तितंच वाळायची. लिंबाचा काय गुना हुता गं?"

मला तिच्यापाशी रडायचं होतं, पण तिचा नातू मोबाइल चार्जिंगला लावायला आत आला आणि मी उठले.

साखरपुड्याचं जेवण तसंच झालं जसं हल्ली होतं. गुलाबजाम, बासुंदी, भजी, वर मठ्ठा, आणि आग्रह करायला विलास स्वतः. तो आता पन्नाशीला आला आहे. आण्णांसारखीच शरीरयष्टी, आण्णांसारखंच शेत, आण्णांसारखंच कुणाचं न ऐकणं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडववाले सामान नेत होते आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. विलास बाहेरून आला आणि खांबाला टेकला. त्यानं मूठ बरगड्यांच्या मध्ये दाबून धरली होती.

माझ्या मांडीवरचं ताट खाली गेलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. कालचं जळजळतंय. ग्यास हाय."

"घाम आलाय तुला."

"मांडव सोडत हुतो. घाम न्हाई यायचा?" तो खाली बसला, आणि त्यानं आत बघून हाक मारली. एवढ्या वर्षांत त्या घरात कुणी मारली नव्हती अशी हाक. "आई, तुजं ते फसफसनारं दी की जरा करून!"

त्याला काही वाटलं नाही. आण्णा गेले तेव्हा तो लहान होता, मामाच्या गावी होता. त्याला सोडा आठवतो तो गुऱ्हाळाचा.

आई मागल्या दारात शेंगा फोडत होती. ती उठली. अलीकडे तिला उठायला भिंत लागते, तेव्हा लागली नाही. बाहेर आली, विलासकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

"अगं आई, ग्यास हाय—"

"गाडी काढ गं!"

"पावडर हाय घरात," वहिनी म्हणाली, "दिऊ का आदी?"

आई तिच्याकडे वळली. तिनं नुसता हात हलवला, ताटावरची माशी हाकलावी तसा, आणि पदर खोचून, पायात चपला न घालता जाऊन गाडीत बसली. पुढच्या सीटवर. विलास वैतागून, आम्हा दोघींना नावं ठेवत मागं बसला, वहिनी त्याच्याशेजारी.

कराडपर्यंतचा रस्ता मी कसा चालवला मला सांगता येणार नाही. उसाचे ट्रॅक्टर पुढं, त्यांच्या मागं वाऱ्यानं हलणारं पाचट, गतिरोधक, परत ट्रॅक्टर. विलास मागून बोलत होता. "उगंच तेल जाळतायसा. ढेकर आला की हुतंय मोकळं. आवं, कुनीतरी सोडा तरी घ्या वाटंत." दरवेळी तो सोडा म्हणायचा आणि आई खिडकीबाहेर बघत दाराची मूठ आवळायची. मला त्याचा इतका राग आला की त्याला खरंच काहीतरी निघावं असं क्षणभर वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचा राग आला.

दवाखान्यात त्याला आत घेतलं, वहिनी त्याच्याबरोबर गेली. छातीला तारा लावल्या, रक्त काढलं, थोड्या वेळानं परत तारा लावल्या. आई आणि मी बाहेरच्या बाकावर. आईचे अनवाणी पाय जमिनीला टेकत नव्हते. डॉक्टर आले, तरुण, दमलेले. हृदय चांगलं आहे म्हणाले. पट्टी दोन्ही वेळा नीट आली, रक्तातही काही नाही. पित्त झालंय, जेवण जरा सांभाळा. आत परिचारिकेनं कागदी पेल्यात पुडी फोडली आणि विलास ते पाणी प्यायला. पडद्याआडून आवाज आला, सूंऽऽ, मग शांतता, मग त्याचा दणदणीत ढेकर. पलीकडच्या खाटेवरचं कुणीतरी हसलं.

मीही हसायला हवं होतं. माझ्या अंगात मात्र वादळ उठलं होतं. काही नव्हतं, नुसता गॅस होता. मग तेव्हाही नुसता गॅस का नव्हता? तीच मूठ, तोच घाम, तोच आवाज. मला कुणाच्या तरी गळ्याशी धरून हे विचारायचं होतं आणि बाकावर आईशिवाय कुणी नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "आज तरी बोल. तुला काय वाटतं, त्या सोड्यानं आण्णा..."

"सोड्यानं कुनी मरत न्हाई," ती म्हणाली. इतकं सरळ, की मी तिच्याकडे बघत राहिले.

"मग एवढी वर्षं..."

"लोकास्नी वाटलं मला त्येंच्या बोलन्याचा राग आला. बोलू दे की. डाक्टरनं तवाच सांगितलं हुतं, काळजाचं दुखनं हुतं, सोड्याचा काय संबंद न्हाई." ती बोटांवरून बोटं फिरवत राहिली, ओघळलेलं काहीतरी पुसावं तशी. "तुज्या बापानं सोडा घ्यायच्या आदी मला काय म्हटलं हुतं, तुला ठावं न्हाई. कुनालाच ठावं न्हाई. म्हनाले, जीप सांगू का गं, कराडला जाऊन यिऊ. कवा दवाखान्याचं नाव न काडनारा मानूस. सोताच्या तोंडानं म्हनाला. मी म्हटलं, आदी ह्ये घ्या, मंग बगू."

आतून पट्टीच्या यंत्राची टिकटिक येत होती, दुसऱ्या कुणाची तरी.

"घेतलं. ढेकर आला. त्येंचा चेहरा असा निवळला बग, लेकरागत. म्हनाले, ऱ्हाऊ दे आता जीप. लय बरं वाटतंय." आईनं माझा हात धरला. धरला कसला, आवळला. "गुन आला नसता तर गेलो असतो गं आमी. आला गुन, त्योच घात झाला. इतकी वर्षं डोक्यात हेच. नावं ठिवायची तर कुनाला ठिवू? वंगाळ औशीद असतं तर शिव्या घातल्या असत्या. चांगलं हुतं ते."

मला तिला सांगायचं होतं की जीप आली असती तरी कदाचित वाटेत, कराडच्या कितीतरी अलीकडे... पण कदाचित म्हणजे काय, हे मला तरी कुठं माहीत होतं? मी तिचा हात तसाच राहू दिला. मला तिचा राग आला होता, हे तिनं इतकी वर्षं एकटीनं पोटात ठेवलं म्हणून. आणि मी तिच्याकडे दरवेळी चूर्णाचं प्रमाण मागत राहिले होते, म्हणून माझाही आला.

पडदा बाजूला झाला. विलास शर्टाची बटणं लावत बाहेर आला, मागून वहिनी औषधांची पिशवी घेऊन. तो खूश होता. आता महिनाभर तरी तो ही गोष्ट गावभर सांगणार होता, हे त्याच्या चालीवरून दिसत होतं. "बगितलं? म्हटलं न्हवतं? चला आता, धारा काडायच्या ऱ्हायल्यात."

आई बाकावरून उतरली. फरशीवर अनवाणी चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत ती येते.

"कसं वाटतंय?"

"झ्याक."

"नीट सांग. कसं वाटतंय?"

"आगं आई, लय बरं वाटतंय."

आईनं त्याच्या मनगटाला धरून त्याला बाकापाशी आणलं. पदरानं बाकावरची जागा झाडली.

"मंग बस हितं," ती म्हणाली. "अजून जरा बसू."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी सरकून त्याला जागा करून दिली. वहिनीनं पिशवी मांडीवर घेतली. बाहेर उन्हं उतरत होती, धारांची वेळ टळून चालली होती. आम्ही चौघं त्या बाकावर बसून राहिलो, आणि आई मध्ये मध्ये त्याच्या कपाळाला हात लावून बघत राहिली.